साल कुड्याचीच, पण कोणत्या कुड्याची? सत्तरीतील एक प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून फार दूर नसलेल्या एका गावात, चवथ उलटून आठवडा होतो न होतो तोच किराणा दुकान चालवणाऱ्या पन्नाशीतल्या एका गृहस्थांना जुलाब सुरू झाले. सणासुदीचे खाणे बाधले असेल, असे समजून पहिले दोन दिवस पेजेवर निभावले. मग शौचातून आव पडू लागली, पोटात मुरडा येऊ लागला आणि पुढे आवेबरोबर रक्ताच्या रेषा दिसू लागल्या. घरातल्या माणसांनी या अवस्थेत जे केले ते सत्तरीतल्या, किंबहुना सगळ्या कोकणपट्टीतल्या, कोणत्याही जुन्या घरात केले गेले असते: परड्यामागच्या कुड्याची साल आणून ती ताकात उगाळून द्यायला सुरुवात केली आणि संध्याकाळी तिचाच काढा दिला.

या घराला गावठी वखदाची परंपरा होती. गृहस्थांच्या आजी गावात बाळंतिणींना आणि लहान मुलांना झाडपाला देत असत, आणि आवेवरचे त्यांचे कुड्याचे वखद शेजारच्या वाड्यांतही ठाऊक होते. आजी वारल्यावर उपाय लक्षात राहिला, मात्रा साधारण लक्षात राहिली, पथ्यही लक्षात राहिले. झाड मात्र कोणी नीट पाहून घेतले नव्हते. आठ-दहा दिवस साल पोटात जाऊनही उतार पडेना. मध्येच औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी आणून दिली गेली. रक्त पडत असताना आणि अंगात कणकण असताना अशी गोळी देऊ नये, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्या गोळीने दोन दिवस शौचाच्या फेऱ्या कमी झाल्या, पोट मात्र फुगले आणि ताप वाढला. तेव्हा मुलाने वडिलांना आरोग्य केंद्रात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी ताजे शौच लगेच तपासायला लावले. ही घाई महत्त्वाची होती, कारण आमांशाचा जिवंत, हलणारा अमीबा नमुना थंड होऊन पडला की ओळखू येत नाही, आणि दुपारपर्यंत डबीत राहिलेल्या नमुन्यातून 'काही सापडले नाही' असा अहवाल सहज निघतो. इथे तांबड्या रक्तपेशी गिळलेले अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले. यकृतात गळू झालेले नाही, याची सोनोग्राफीने खात्री करून मेट्रोनिडाझोल हे अमीबावरचे औषध सुरू झाले आणि तीन-चार दिवसांत रक्त थांबले.

वैद्यकीय दृष्टीने प्रकरण इथे संपते. मात्र डॉक्टरांनी नोंदवहीत 'घरगुती औषध: कुड्याची साल' असे लिहून घेतले होते, आणि ज्या झाडाची आवेवर एवढी ख्याती त्याचा इतक्या दिवसांत काहीच परिणाम कसा दिसला नाही, हा प्रश्न त्यांनी मुलाजवळ बोलून दाखवला. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि तो मुलगा माझा जुना विद्यार्थी, म्हणून उरलेली साल एका प्लास्टिकच्या पिशवीत माझ्याकडे आली. सालीबरोबर घरातला वादही आला. मुलाचे म्हणणे होते, "सर, हे सगळे झाडपाल्याचे प्रकार आता बंद करायला हवेत." त्याच्या आईचे म्हणणे होते की वखद बरोबरच होते, पथ्य मात्र पाळले गेले नाही, दुकानात बसून चहा पिणे चालूच होते. दोघेही सालीचा निवाडा करत होते आणि साल कशाची आहे हे दोघांनीही गृहीत धरले होते.

कुडा या नावाखाली

गोव्याच्या रानात आणि परड्यांत कुडा म्हणून ओळखली जाणारी झाडे किमान तीन आहेत, आणि तिन्ही एकाच कुळातली. पहिला पांढरा कुडा, म्हणजे संस्कृत ग्रंथांतला कुटज, शास्त्रीय नाव होलारेना प्युबेसन्स. दुसरा काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया. तिसरा नागलकुडा, टॅबर्नेमोंटाना अल्टर्निफोलिया; त्याची जाड, वाकडी, पिकल्यावर केशरी होणारी जोडफळे एकदा पाहिली की तो ओळखायला अवघड नाही, म्हणून या प्रकरणात त्याला बाजूला ठेवतो. खरा घोळ पहिल्या दोघांचा आहे.

दोघांचीही फुले पांढरी आणि सुवासिक, दोघांचीही पाने समोरासमोर, दोघांनाही लांब, सडपातळ शेंगा जोडीने लागतात आणि दोघांचीही काडी मोडली की पांढरे दूध येते. फरक आहेत, पण ते जवळ जाऊन पाहावे लागतात. पांढऱ्या कुड्याची पाने मोठी, हातभर नसली तरी वीतभर सहज, आणि त्यांच्या शिरा ठसठशीत असतात. त्याच्या फुलाच्या मध्यभागी काही नसते. नुसती नळी आणि पाच पाकळ्या, पुंकेसर आत दडलेले. काळ्या कुड्याचे फूल हातात घेतले तर मध्यभागी पांढऱ्या तंतूंची झालर दिसते आणि तिच्यातून परागकोशांचा एक टोकदार सुळका बाहेर डोकावतो. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा देठापासून सुट्या लोंबतात आणि त्यांच्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. काळ्या कुड्याच्या जोडीची टोके मात्र पिकेपर्यंत एकमेकांना चिकटलेली असतात. शेंग उकलल्यावर बियांना जो रेशमी तुरा दिसतो, तोही पांढऱ्या कुड्यात शेंगेच्या टोकाकडे आणि काळ्यात देठाकडे वळलेला असतो. आणि सगळ्यांत सोपी, पूर्वापार वापरली गेलेली खूण म्हणजे चव: पांढऱ्याचे बी ते कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोडे इंद्रजव.

हा भेद आधुनिक वनस्पतिशास्त्राने शोधून काढला असे मुळीच नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे नर आणि मादी असे दोन प्रकार सांगितले आहेत: मोठ्या फळाचा, पांढऱ्या फुलांचा, तुळतुळीत पानांचा तो नर, काळसर, तांबूस फुलांची, बारीक फळांची ती मादी. नर म्हणजे पांढरा कुडा आणि मादी म्हणजे काळा कुडा, अशी जुळणी पुढच्या अभ्यासकांनी केली. तांबूस फुलांचा तपशील काळ्या कुड्याला चपखल बसत नाही, असे मला वाटते, पण त्याने मुद्दा बदलत नाही. नावे सारखी असली तरी झाडे दोन आहेत, याची जाणीव वैद्यांना फार पूर्वीपासून होती.

चूक घट्ट कशी झाली

या घरात चूक कोणाच्या बेफिकिरीने झाली, असे म्हणता येत नाही. उलट मुलाने साल काढण्यापूर्वी तीन प्रकारे खातरजमा केली होती, आणि तिन्ही वेळा चुकीच्या झाडाला दुजोरा मिळाला.

पहिला दाखला माटोळीचा. चवथीला गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीत रानातली फळे, शेंगा आणि पाने टांगली जातात आणि त्यांत कुड्याच्या शेंगा हमखास असतात. या घरच्या माटोळीतल्या शेंगा वर्षानुवर्षे परड्यामागच्या त्याच झाडाच्या होत्या. तेव्हा ज्याच्या शेंगा देवावर बांधतो तो कुडाच, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. माटोळीला ही चूक कधी जाचली नाही, कारण तिथे शेंग औषध म्हणून जात नाही. दुसरा दाखला दुधाचा. "कुड्याला दूध असते," हे आजींचे वाक्य मुलाच्या लक्षात होते. त्याने फांदी मोडली, दूध आले. पण ही खूण साऱ्या कुळाचीच आहे. तिने कण्हेर आणि चाफासुद्धा कुडा ठरतील.

तिसरा दाखला फोनचा, आणि माझ्या मते सगळी गफलत पक्की झाली ती इथे. औषधांच्या पुस्तकांत कुटजाचे जुने शास्त्रीय नाव 'होलारेना अँटीडिसेंटेरिका' असे सापडते. मुलाने त्यातला लक्षात राहणारा उत्तरार्ध शोधला आणि समोर आली ती 'राइटिया अँटीडिसेंटेरिका'ची छायाचित्रे. हे मूळचे श्रीलंकेतले, शोभेचे झुडूप आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये आमांशावरचे म्हणून नाव दिले ते त्याला, आणि पुढे तेच विशेषण आपल्या कुड्यालाही चिकटले. हल्ली हे झुडूप गोव्यातल्या रोपवाटिकांत 'आर्क्टिक स्नो' नावाने सर्रास मिळते. ते काळ्या कुड्याच्याच प्रजातीतले असल्याने त्याच्याही फुलात ती पांढरी झालर असते. मुलाच्या फोनमध्ये मे महिन्यात काढलेले परड्यामागच्या झाडाचे छायाचित्र होते. दोन्ही फुलांत झालर दिसली आणि त्याने साल काढायला कोयती घेतली. गावाजवळच्या एका औषधी बागेत तर हेच शोभेचे झुडूप 'कुटज' अशा पाटीखाली लावलेले मी नंतर पाहिले. म्हणजे हा गैरसमज एका घरापुरता नव्हता.

माझ्याकडे आलेली साल पाहूनच शंका आली होती. ती गुळगुळीत होती आणि तिच्या तुकड्याला जेमतेम तुरटपणा होता. पांढऱ्या कुड्याची साल जिभेला लावली की कडवटपणा घशापर्यंत उतरतो आणि बराच वेळ जात नाही. तरीही चवीवर निकाल देणे बरे नव्हे, म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही साली शेजारी शेजारी ठेवल्या, दुसरी माझ्याकडच्या ओळखलेल्या पांढऱ्या कुड्याची. दोन्हींचे आम्ल अर्क काढून त्यांत ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मकाचे थेंब सोडले. पांढऱ्या कुड्याच्या नळीत तत्काळ दाट नारिंगी साका बसला. घरून आलेल्या सालीच्या नळीत पाणी किंचित गढूळले, इतकेच. हा अभिकर्मक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतली विशिष्ट गुणकारी द्रव्ये, आहेत की नाहीत एवढेच सांगतो, कोणते आहेत ते नाही. पण कुड्याचा आवेवरचा गुण ज्या कोनेसीन आणि त्याच्या सोयऱ्या अल्कलॉइडांवर अवलंबून आहे त्यांची भरपूर मात्रा त्या सालीत नव्हती, हे त्यातून पुरेसे कळले. निर्णायक पुरावा मात्र मुलाच्याच फोनमध्ये सापडला. चवथीच्या दिवशीच्या माटोळीच्या छायाचित्रात, तोरिंगण आणि आंबाड्यांच्या मधोमध, कुड्याच्या शेंगांची जोडी लोंबत होती. छायाचित्र मोठे करून पाहिले तर दोन्ही शेंगांची टोके एकमेकींना घट्ट चिकटलेली होती.

आजींचे झाड कुठे गेले, हा प्रश्न उरला. चौकशीअंती कळले की त्या साल आणत ती परड्यातून नव्हे, तर कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या चढावर असलेल्या झाडाची. ते झाड रस्ता रुंद करताना तुटले. परड्यातला काळा कुडा त्यांना चांगला ठाऊक असणार, कारण त्याची पाने त्या वेगळ्याच कामासाठी वापरत, त्याविषयी पुढे येईलच. सुनेच्या आठवणीप्रमाणे आजी साल काढली की तिचा एक तुकडा आधी स्वतः चावून थुंकत. घरातल्यांना ती त्यांची लकब वाटली होती. माझ्या समजुतीने ती औषधाची परीक्षा होती, आणि उपायाबरोबर पुढे न गेलेली नेमकी तीच गोष्ट.

खऱ्या सालीने गुण आला असता का

हा प्रश्न गृहस्थांच्या पत्नीने मला थेट विचारला, आणि त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही.

कुड्याच्या बाजूने पुरावा हलका नाही. चरकाने कुटजाला अर्शोघ्न (मूळव्याधीवरच्या) आणि कंडूघ्न (खाजेवरच्या) गणांत स्थान दिले; अतिसारावर कुटजावलेह, कुटजारिष्ट, पुटपाक असे कल्प शतकानुशतके चालत आले. पुटपाकाची रीत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे: ताजी, कीड न लागलेली साल कुटायची, तिचा गोळा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वरून चिखलाचा लेप देऊन निखाऱ्यात भाजायचा आणि लेप लाल झाला की फोडून आतल्या गोळ्याचा गरम रस पिळून मधाबरोबर द्यायचा. सुकलेली साल उकळण्यापेक्षा ही रीत मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते, कारण तिच्यात साल ताजीच असावी लागते, आणि ताजी साल म्हणजे झाडापाशी स्वतः जाणे आले.

गोव्याचा या झाडाशी लिखित संबंधही जुना आहे. १५३४ मध्ये इथे आलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघालेल्या आपल्या ग्रंथात आमांशावर वापरल्या जाणाऱ्या मलबारी झाडाची चर्चा केली आहे, आणि ते झाड म्हणजे कुडाच असे पुढील अभ्यासकांनी मानले. कोनेसीन वेगळे काढले गेले १८५८ मध्ये. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये आर. एन. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुड्याच्या अल्कलॉइडांवर काम केले आणि 'कुर्ची' या नावाने त्यांची औषधे अमीबाजन्य आमांशात दिली जाऊ लागली. म्हणजे गुण आहे, तो अमीबावरच आहे, आणि तो केवळ ऐकीव नाही.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. शुद्ध कोनेसीन गुणकारी ठरेल अशा मात्रेत दिले की निद्रानाश, चक्कर, अस्वस्थता असे मज्जासंस्थेचे त्रास दिसू लागले, आणि मेट्रोनिडाझोल आल्यावर त्याचा वापर मागे पडला. घरच्या काढ्यात अल्कलॉइड किती उतरतात हे झाडाचे वय, सालीचा ताजेपणा आणि उकळण्याची रीत यांवर अवलंबून असल्याने मात्रा दर वेळी वेगळी पडते. शिवाय अमीबा आतड्याच्या भिंतीत शिरून यकृतात पोचला तर काढा पिऊन त्यावर इलाज होईल, असे समजायला आधार नाही. आणि रक्ती आव प्रत्येक वेळी अमीबाचीच असते असेही नाही. जिवाणूंमुळेही ती होते, आणि त्याचे औषध वेगळे. या गृहस्थांना खऱ्या कुड्याची साल मिळाली असती तर कदाचित मुरडा कमी झाला असता, फेऱ्या कमी झाल्या असत्या, आणि नेमका त्यामुळेच आरोग्य केंद्रात जाणे आणखी लांबले असते, ही शक्यता मला नाकारता येत नाही. रक्त दिसल्यावर साल बरोबर असो वा चुकीची, शौचाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी होती.

म्हणून मुलाचे आणि आईचे, दोघांचेही म्हणणे मला अर्धवट वाटते. या घरात कुड्याची परीक्षा झालीच नाही, तेव्हा तो नापास झाला असे मुलाला म्हणता येणार नाही. पण पथ्य पाळले असते तर काळ्या कुड्याच्या सालीने अमीबा हटला असता, हे आईचे म्हणणेही टिकत नाही.

काळ्या कुड्याचे काय

या सगळ्यात परड्यामागच्या झाडावर अन्याय होऊ नये. काळ्या कुड्याची पाने खोबरेल तेलात भिजवून ते भांडे काही दिवस उन्हात ठेवले की तेलाला गर्द जांभळा रंग चढतो. पानांत निळीसारखे रंगद्रव्य असल्याचा हा परिणाम. हे तेल कोरड्या, खवले सुटणाऱ्या त्वचेवर लावण्याची रीत दक्षिणेत विशेष प्रचलित आहे आणि तमिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात सोरायसिसवर ते मान्यताप्राप्त औषध आहे. या घरातल्या सुनेने हे ऐकल्यावर माळ्यावरची एक बाटली खाली आणून दाखवली, तळाशी काळपट जांभळा थर बसलेली. आजी ती टाचांच्या भेगांना आणि मुलांच्या कोपरांवरच्या चट्ट्यांना लावत. बाटलीवर नाव नव्हते आणि आतले तेल केव्हाच खवट झाले होते, पण आजींना दोन्ही कुडे आणि त्यांची दोन निराळी कामे ठाऊक होती, याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

गृहस्थांना मेट्रोनिडाझोलनंतर आतड्यात उरलेल्या अमीबाच्या कोषांसाठी डायलॉक्सनाइड या औषधाचा वेगळा कोर्स दिला गेला. हा टप्पा रुग्ण बरे वाटताच बऱ्याचदा सोडून देतात आणि काही महिन्यांनी दुखणे उलटते. इथे मुलाने तो पुरा करवून घेतला. महिन्याभराने केलेल्या तपासणीत शौच स्वच्छ निघाले. त्यानंतरही पोट नाजूक राहिले, तेव्हा डॉक्टरांना सांगून एका वैद्यांकडून कुटजारिष्ट सुरू झाले. अमीबा गेल्यानंतर आतड्याची सैल पडलेली घडी बसवायला कुटज द्यावा, हे त्या वैद्यांचे मत मला पटते, पण या एका रुग्णाला बरे वाटले ते अरिष्टाने की नुसत्या दिवसांनी, हे सांगता येणार नाही.

चढावर, तुटलेल्या झाडाच्या जागेपासून थोड्या वरच्या बाजूला, पांढऱ्या कुड्याची दोन लहान झाडे मुलाला माझ्याबरोबर हिंडताना सापडली. त्यांची साल काढण्याजोगी जाडी यायला अजून काही वर्षे लागतील, आणि तेव्हाही ती खोडाच्या एकाच अंगाची, उभ्या पट्टीने काढावी लागेल. भोवताली वळसा घालून साल सोलली तर झाड वाळते. तूर्त त्याने दोन्ही झाडांना आणि परड्यातल्या काळ्या कुड्याला पत्र्याच्या पाट्या बांधल्या आहेत. औषधी बागेतल्या त्या चुकीच्या पाटीविषयी आम्ही दोघांनी मिळून लेखी कळवले आहे. हे लिहीपर्यंत ती पाटी बदललेली नाही.